दोष सुईचा नव्हता, चाचा

दस्तगीरचाचा, बाळूशेठनं तुम्हाला माफ केलं.

भर सभेत केलं. तुम्हाला माती देऊन आठ दिवस झाले होते. शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली होती. माण तालुक्यातल्या पाच-सहा वाड्यांचे मेंढपाळ मेंढरं पोराबाळांवर सोपवून आले होते, आणि पेंड-भुशाच्या दुकानाचा मालक बाळूशेठ माइक धरून उभा होता. आधी त्यानं तुमच्या फोटोला घालायला पिशवीतून हार काढला. चाची म्हणाल्या, "आमच्यात घालत न्हाईत, शेठ." मग त्यानं तो हार टेबलावर ठेवला आणि गळा दाटल्यासारखा आवाज काढला.

"चाचा म्हंजी देवमानूस. उभा जलम जनावराच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या. आता शेवटाला त्यांच्या हातनं आपली दोन-चार कुत्री दगावली, ते खरं हाय. वय झालं हुतं, हात चुकला. पर आपुन ते पोटात घालायचं. मी तर घातलंय."

लोकांनी माना हलवल्या. माझ्या आबांनीही हलवली.

मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्या पिशवीत सांगलीच्या प्रयोगशाळेचा कागद होता, आदल्या दिवशी आलेला. तो काढून वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी उठले नाही. का उठले नाही ते सांगते, पण त्या हाराकडे बघत मी एक ठरवलं, ते आधी सांगते. या माणसाला मी पोटात घालणार नाही. आज नाही, तो म्हातारा झाल्यावर नाही, त्याच्या शोकसभेतही नाही.

तुम्हाला हे आवडलं नसतं. "रागात मारली की सुई वाकती" असं तुम्ही म्हणायचात. वाकू दे, चाचा. माझ्याकडे सुई नाहीच. माझ्याकडे पत्रक आहे. आणि पत्रकाचं म्हणाल तर माझं पहिलं पत्रक तुमच्याच अंगात घुसलं होतं.

आमचा राखणीचा कुत्रा काळ्या मेला तेव्हा मी सांगलीत होते. शिकत होते आणि आम्ही सहाजण मिळून पशुपालकांच्या प्रश्नांवर पत्रकं काढत होतो. लस वेळेवर येत नाही, डॉक्टरची जागा रिकामी आहे, असं. घरी आले तर आबा म्हणाले, "चाचानं सुई मारली आन दुसऱ्या दिशी गेला." मला एवढं पुरलं. काळ्यानं मला लहानपणी लांडग्यापासून राखलेलं. तो पाच दिवस आधीपासून खात नव्हता, ओकत होता, म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं, हे मी विचारलंच नाही. सुई ओकारी थांबवायची होती, हेही नाही. मी लिहिलं: 'निवृत्त ड्रेसरची सुई, मुक्या जनावराचा जीव जाई!' खाली मोठ्या अक्षरांत: सावध व्हा! नाव छापलं नाही, आम्ही फार कायदेशीर होतो ना. पण आमच्या बाजूला जखमा धुणारा, पट्टी बांधणारा, निवृत्त झालेला ड्रेसर एकच होता. दहिवडीच्या बाजारात मी ती पत्रकं स्वतः वाटली. ओरडून वाटली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या मेंढरांच्या तळावर आलात. अंगात तो निळा, उडालेल्या रंगाचा सदरा होता. कुत्र्याचा सदरा. घराबाहेरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. कुत्र्याला हात लावायचा झाला की तो चढवायचा, परत आलात की उतरवून धुवायचा, स्वतः धुवून घ्यायचं आणि मग नमाजाला जायचं. तुमचे पाहुणे हसायचे, "एवढं धुवायचं तर कुत्र्याला हातच कशाला लावायचा?" तुम्ही म्हणायचात, "मेंढरू धरायला दहा जनं येत्यात. आजारी कुत्रं धराय कोन येतंय? तू येतूस?"

मी भांडायला तयार होऊन उभी होते. तुम्ही खिशातून माझं पत्रक काढलंत, उलगडलंत.

"झ्याक लिवलंयस गं. यमक बी जुळलंय. आता मला सांग, पत्रकवाली, कुत्र्यास्नी खाया काय घालताय?"

आबा मागून म्हणाले, "रोट घालतूय. आनि काय घालायचं, बासुंदी?"

बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. आमच्यात कुत्र्याचा रोट वेगळा असतो. जाड, तळहाताएवढा जाड. त्याचं पीठ वेगळं, पोतं वेगळं, आणि तो माणसांच्या भाकरीआधी थापायचा. माणसाच्या आधी कुत्र्याचं पोट भरायचं, कारण उपाशी कुत्रं राखण सोडून भाकरीच्या वासानं भटकतं. ही आमची रीत. आम्हाला तिचा अभिमान आहे. आणि त्याच रीतीला एक वाईट शेपूट आहे: कुत्र्याच्या पोत्यात काहीही चालतं. किडकं, भिजलं, जुनं. "आगीत समदं जळतंय" असं आई म्हणायची, तिची आई म्हणायची. बाळूशेठला हे पक्कं माहीत होतं. त्याच्या दुकानात एका कोपऱ्यात वेगळी थप्पी असायची, 'कुत्र्याचा भरडा'. मका, भरडलेला. दाणा दिसतच नाही, मग दाण्याचा रंग कुठून दिसणार?

त्या दिवशी आमचा दुसरा कुत्रा बिजल्याही आजारी पडला होता. तुम्ही त्याचं तोंड मांडीवर घेतलंत, ओठ वर केलात आणि माझं डोकं धरून जवळ नेलंत.

"बघ. हिरडी कशी हाय?"

"पिवळी."

"कान उलटा कर. आतलं बघ. डोळ्याचं पांढरं बघ. मुतलाय कुठं? त्यो रंग बघ, काळ्या चहावानी. आता लिव."

मी विचारलं, एवढं होईपर्यंत कसं कळलं नाही? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी तेव्हापासून प्रत्येक वाडीवर सांगते. "लिव्हर म्हंजी घरातली थोरली सून. निम्मी मोडली तरी चूल पेटलेली असती. जेवायला मिळतंय तवर कोन इचारतंय तिला? चूल इझली की मग समद्यास्नी कळतं, सून आजारी हाय."

आई तिथेच होती. म्हणाली, "व्हय बाई, खरं हाय ते," आणि रोट थापत राहिली.

बिजल्या चार दिवसांनी गेला. हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं, म्हणाले, उंदराच्या मुतानं होणारी कावीळ असू शकेल, लस द्यायला हवी होती. तुम्ही मान डोलावलीत, वाद घातला नाहीत. ते गेल्यावर मला बाजूला घेतलंत. "उंदीर आसंल तर सुंद्री का न्हाई पडली? ती बी त्याच पोत्यावर झोपती."

सुंद्री, आमची तिसरी, बाळंतीण कुत्री. चार पिल्लं. आणि आमच्यात बाळंतीण माणसाची असो नाहीतर कुत्र्याची, तिला वेगळं शिजवतात. तीन आठवडे आईनं तिला गूळ घातलेला बाजरीचा घाटाच दिला होता. रोट नाही.

तुम्ही भरड्याचं पोतं उन्हात फडक्यावर उपडं केलंत. तळातून गोळे निघाले, हिरवट-काळे, मातकट वासाचे. तुम्ही एक गोळा बोटांत फोडलात. त्यातून धूर निघाल्यासारखी भुकटी उडाली. "बुरशी जळती गं आगीत. तिचं इख न्हाई जळत. रोट कसाबी भाज."

नंतर आम्हाला एका टेम्पोवाल्याकडून कळलं. तो मका उंब्रजकडच्या एका पोल्ट्रीनं ओला म्हणून दारातून परत पाठवला होता. कोंबड्या मरतील म्हणून. बाळूशेठनं तो घेतला, भरडला, आणि आम्हाला विकला. कोंबडीला चालला नाही तो माझ्या काळ्याला चालला.

मी तिथल्या तिथे कागद काढला होता, चाचा. त्याच संध्याकाळी पत्रक, दुसऱ्या दिवशी बाजार, त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाचणार होते. तुम्ही कागद काढून घेतलात. आपलं खरं भांडण ते. तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललेलं.

"माज्यावर छापलंस ते बिनतपासता. आता त्याच्यावर तपासून छाप. नमुना धाड सांगलीला."

"तोवर लोक तुम्हालाच बोल लावतायत, चाचा! आबा बोलतायत. बायका जनावर दाखवायला येईनाशा झाल्यात. तुमच्या धर्मावरनं बोललं एक जण, मी ऐकलंय."

"बोलू दे."

"का पण?"

तेव्हा तुम्ही तळाकडे बघितलंत. आई चुलीपुढे बसली होती. "त्यो रोट कुनी थापला? तुज्या आईनं. वाडी वाडीला बायकांनी थापला. मानसाच्या आदी, मायेनं. कागद हातात नसताना तू बोंब मारलीस तर शेठ काय म्हनंल? म्हनंल, माजा माल चांगला हुता, ह्या बायांनी भिजवला, नीट ठेवला न्हाई. मग कुत्री कुनी मारली? माजं वय झालंय, माज्या नावावर खपंल. तिच्या नावावर न्हाई खपायचं."

मी म्हटलं हा भित्रेपणा आहे. तोंडावर म्हटलं. तुम्ही हसलात आणि औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरडा भरलात, झाकणावर पट्टी चिकटवून तिच्यावर सही केलीत आणि बाटली सांगलीला धाडलीत.

पुढे सुंद्रीही पडली. बाळंतपणाआधी तिनं तोच रोट खाल्ला होता, कमी खाल्ला म्हणून उशिरा पडली. त्या वेळी तुम्ही म्हणालात, "माजी हद्द इथवर. रक्त बघितल्याबिगर मी हात लावनार न्हाई." जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन आपण मिरजेला गेलो. त्या दवाखान्यात रांगेत सगळी केसाळ, पावडर लावलेली कुत्री. एका बाईंनी विचारलं, "तुमची कुठली जात हो?" तुम्ही म्हणालात, "राखनीची." त्या म्हणाल्या, "ऐकली नाही कधी." तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं चोर येत नसतील."

डॉक्टरांनी रक्त घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, सलाइन लावलं. पण गोळीनं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं तुमचं होतं, दोन महिने, रोज. वाडीनं काविळीची माळ आणली, उसाचा रस आणला, कुणी म्हणालं काविळीला अंडं-दूध विष, नुसतं ताक-भात द्या. "माळ घाला की," तुम्ही म्हणालात, "माळेनं काय बिघडत न्हाई. पर कुत्रं मानूस न्हवं. अंडं बंद केलंत तर लिव्हर भरून यायची कशानं, माळंच्या मन्यानं?" दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. उकडलेलं अंडं, मऊ भात, दही. मीठ नाही. तापाची पांढरी गोळी, जी आपण सगळे खातो, ती कुत्र्याच्या जवळपासही नाही. एकदा मी मायेनं तिला मटणाचं पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी ती भिंतीला डोकं लावून उभी राहिली. नुसती उभी. हाक मारली तर वळेना. मी रडायला लागले. तुम्ही ओरडला नाहीत. डॉक्टरांना फोन लावलात, पोट साफ व्हायचं ते गोड औषध वाढवलंत, मांस बंद केलंत, आणि म्हणालात, "लिव्हरनं सोडलेला कचरा मेंदूत गेला. आता काढू." तीन दिवसांनी तिनं माझा हात चाटला. तिच्या कानाची आतली बाजू गुलाबी व्हायला लागली तेव्हा तुम्ही आबांना हाक मारून दाखवलीत. आबा बघून गेले. तुमच्याशी बोलले नाहीत.

सुंद्री जिवंत आहे, चाचा. हे लिहिताना पायाशी आहे. तिला वाचवणारा हात 'चुकला' असं तो माणूस माइकवर म्हणाला.

आणि कागद यायच्या आधी तुम्ही गेलात. दुपारी सदरा धुवून वाळत घातलात, ओट्यावर टेकलात, संपलं. मला एकदाही म्हणाला नाहीत की तुझ्या पत्रकानं मला लागलं. मीही म्हटलं नाही की चुकले. रोज वाटायचं, कागद आला की त्याच्यासकट म्हणेन. माफीलाही पुरावा जोडायची सवय लागली होती मला.

चाचींनी तो निळा सदरा मला दिला. "कुत्र्याचा हाय, घरात ठेवत न्हाई, तू घे." खिशात माझं पत्रक होतं. 'मुक्या जनावराचा जीव जाई.' घड्यांवर फाटलेलं. मला वाटलं, पुरावा म्हणून जपलंय. उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या तिरक्या अक्षरात सुंद्रीचं खाणं होतं. सकाळी अंडं निम्मं. दहा वाजता भात-दही. गोळी खाण्याआधी. हिरडी बघणे. दोन महिन्यांच्या खुणा, एकीखाली एक. दुसरा कागद नव्हता का तुमच्याकडे? होता. माहीत आहे मला, होता.

आता, सभेत का उठले नाही. माझ्या शेजारी आई बसली होती. कागद वाचला असता तर बाळूशेठच्या आधी तो तिला लागला असता. तुमचं भांडण तुम्ही मेल्यावर जिंकलात. मी गप्प बसले, आणि तो माणूस वाहवा घेऊन खाली बसला.

घरी आल्यावर मी आईला कागद वाचून दाखवला. भरड्यात बुरशीचं विष आहे, जनावराला घालण्याच्या लायकीचा नाही, भाजून जात नाही. आई बराच वेळ हाताकडे बघत बसली. आपल्याच तळहाताकडे. मग म्हणाली, "काळ्या माज्या हातनं घास घेतल्याबिगर खात न्हवता."

आबा म्हणाले, "तुला काय ठाव हुतं?"

"चाचाला ठाव हुतं," आई म्हणाली. "आन त्यो गप बसला. माज्यापाय." मग उठली. "त्यो भरडा हाय का अजून?"

तुमच्या सांगण्यावरून मी पोतं बाजूला बांधून ठेवलं होतं. बाजारच्या दिवशी सकाळी आईनं त्यातला ओंजळभर काढला. वेगळ्या परातीत मळला. रोट थापला, तसाच जाड, नीट भाजला, फडक्यात बांधला. मी विचारलं काय करणार आहेस. म्हणाली, "तू तुजं पत्रक घे. मी माजं घेतलंय."

बाळूशेठच्या दुकानाच्या पायरीला टायगर बांधलेला असतो, तुम्हाला माहीतच आहे. तजेलदार, विकतचं पुडक्यातलं खाणारं कुत्रं. बाजार भरला होता. आईनं पायरीवर बसून फडकं सोडलं.

"काय वैनी, आज इकडं कुठं?" शेठ हसत म्हणाला.

"टायगरला रोट आनलाय."

"आरं व्वा! कुनाचा, बाजरीचा?"

"मक्याचा. तुमच्याच भरड्याचा हाय, शेठ. मागल्या खेपंचा."

टायगर उठला, शेपूट हलवत मान लांब केली. मी मध्ये पाय घालून उभी होते, चाचा. खाऊ दिला नसता. त्याचा काय गुन्हा? पण माझ्या पायाची गरजच लागली नाही. बाळूशेठ गादीवरून असा उठला की तराजू कलंडला. दोन्ही हातांनी साखळी ओढली. कुत्र्याचा गळा आवळला, ते केकाटलं, तरी ओढली.

"नको नको. त्यो... त्यो बाहेरचं खात न्हाई."

"बाहेरचं कुठलं?" आई म्हणाली. "तुमच्याच दुकानातलं हाय की."

बाजार थांबला होता. आईचा आवाज चढला नाही.

"मला ठाव न्हवतं, शेठ. तुमाला हुतं."

तो काहीतरी बोलला. मका ओला, गोदाम गळकं, पोल्ट्रीवाले, माणसं. कुणी ऐकलं नाही. सगळे त्याच्या मुठीतल्या साखळीकडे बघत होते. मग माझे आबा, तुमच्याशी न बोललेले, कानाची गुलाबी बाजू बघून निघून गेलेले आबा, पायरीवर चढले. डोक्यावरचं मुंडासं काढलं. म्हणाले, "चाचाची सुई न्हवती. मी बोललो हुतो सुई. मी खोटं बोललो." तेवढंच बोलले आणि खाली उतरले.

मग मी वाचलं. प्रयोगशाळेचा कागद, पोल्ट्रीनं परत पाठवलेला मका, कोपऱ्यातली थप्पी, मेलेली कुत्री नावानिशी. बाळूशेठचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पण त्याच्या आधी पहिल्या ओळीत माझं नाव आहे, चाचा. काळ्या गेल्यावर निवृत्त ड्रेसरवर न तपासता खोटं पत्रक काढणारी मी, असं छापलंय. तक्रार तालुक्याला दिली आहे, जिल्ह्यालाही देते. आणि दर बाजारी मी त्या पायरीसमोर उभी राहणार आहे. तो थप्पी हलवेल, दुकान हलवेल, आडनाव बदलेल. मी तिथे असेन. सांगली-साताऱ्यात जिथे जिथे 'कुत्र्याचा' म्हणून पोतं वेगळं निघतं, तिथे जाऊन त्या साखळीची गोष्ट सांगेन. तुम्ही म्हणाला असतात, पुरे आता. नाही पुरे.

आईनं रोट परत आणला. आगीत टाकायला निघाली आणि थांबली. खोल खड्डा काढून पुरला, वर दगड ठेवला.

निळा सदरा आमच्या तळावर खुंटीला आहे, बाहेरच्या बाजूला. काल एकजण कुत्रं घेऊन आला, खात नाही म्हणाला. मी तो चढवला, कुत्र्याचा ओठ वर केला. नंतर सदरा धुतला. तुमच्यासारखा नीट पिळता येत नाही मला अजून.

नवीन पत्रक एकाच बाजूनं छापलंय. छापखान्यात म्हणाले, मागची बाजू रिकामी जातेय, एखादी घोषणा टाका. मी म्हटलं, राहू दे कोरी. कुणाच्या तरी कुत्र्याच्या खाण्याच्या वेळा लिहायच्या असतील.